पत्त्यांची वांटणी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत मी दुधनीस गेलों होतों. सोलापुराहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बोरोटीच्या पुढें लागणारें हें आमचें गांव अक्कलकोट तालुक्याच्या पूर्वेकडील टोकास आहे. गांवापुढें थोडें गेलें कीं कर्नाटकाचा कलबुर्गी जिल्हा लागतो. १९४८ पर्यंत त्या बाजूस निजामाचें राज्य होतें. अशा हद्दीवरच्या गांवांत वाढलेल्या माणसास एक खोड जडते. कोणतीही वस्तु हातीं आली कीं ती कोणत्या कचेरींतून आली आणि कोणाच्या वांट्यांतून आली, हें तो आधीं विचारतो. प्रस्तुत लेख त्याच खोडींतून निघाला आहे.

घरीं पुतणी एका परीक्षेचा अर्ज इंटरनेटवरून भरीत होती. सर्व रकाने भरून झाले, शेवटची कळ दाबली, आणि उत्तर आलें कीं, आपल्या पत्त्यावरून मर्यादेपेक्षां अधिक मागण्या आल्या आहेत. कांहीं वेळानें प्रयत्न करावा. मुलीची ती त्या दिवसांतील पहिलीच मागणी होती. कांहीं वेळ म्हणतां म्हणतां संध्याकाळ झाली, उत्तर तेंच. मुदत दुसऱ्या दिवशीं संपावयाची होती. अखेर मी सोलापुरांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकविणाऱ्या एका स्नेह्यांस फोन केला. ते म्हणाले, “हा पत्ता म्हणजे तुमच्या घराचा पत्ता नव्हे. तो एक आंकडा आहे. तुम्हांस जोडणी देणाराजवळ असे आंकडे इतके थोडे आहेत कीं, एकेका आंकड्यामागें त्यानें शेंकडों घरें बसविलीं आहेत. पलीकडच्या यंत्रास तीं सर्व घरें मिळून एकच माणूस दिसतो. तुमचा आंकडा १०३ नें सुरू होत असेल, पाहा.” पाहिलें तों खरेंच तसें होतें. “मग तुमची पंगत शेवटची,” असें म्हणून त्यांनीं फोन ठेवला.

पंगती कोणीं मांडल्या आणि पहिल्या पंगतीस कोण बसले, हा प्रश्न इतिहासाचा आहे, यंत्रशास्त्राचा नव्हे. म्हणून त्यांत शिरण्याचें धाडस मी केलें.

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास ओळखीसाठीं एक आंकडा लागतो. सप्टेंबर १९८१ मध्यें जो नियम ठरला त्यांत हा आंकडा द्विमान पद्धतीच्या बत्तीस स्थानांचा धरला. त्यामुळें एकंदर पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होऊं शकतात. आज ही संख्या तोकडी वाटते, परंतु त्या वेळीं अमेरिकेंतील त्या जाळ्यास जोडलेलीं यंत्रें दोनशेंच्या घरांत होतीं. चारशें एकोणतीस कोटींचें कोठार आणि मागणारे मूठभर! अशा वेळीं काटकसर कोणास सुचावी? दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेंत जॉन पोस्टेल नांवाचा एक विद्वान व सरळ गृहस्थ या आंकड्यांची नोंदवही ठेवीत असे. ज्याला हवे त्यानें मागावे आणि पोस्टेलनें वहींत लिहून द्यावे, असा व्यवहार होता. वांटणीचे सर्वांत मोठे तुकडे प्रत्येकीं १,६७,७७,२१६ पत्त्यांचे होते. असे तुकडे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठास मिळाले, फोर्ड मोटार कंपनीस मिळाले, जनरल इलेक्ट्रिकला, अ‍ॅपलला, अमेरिकेच्या टपाल खात्यास मिळाले; तेथील संरक्षण खात्यास तर एकापाठोपाठ एक इतके मिळाले कीं, त्याच्या पदरीं वीस कोटींहून अधिक पत्ते जमा झाले. यांत कोणी लबाडी केली असें मुळींच नाहीं. मागितलें आणि मिळालें, एवढेंच.

ज्यांनीं पेशवाईंतील इनामांच्या सनदा चाळल्या आहेत त्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. ओसाड मुलुखांत गांव वसवितांना दिलेली जमीन आणि पुढें मुलूख भरल्यावर तिला आलेली किंमत यांचा मेळ सनद लिहिणाऱ्याच्या स्वप्नांतहि नसतो. सनदेंत मात्र वंशपरंपरेनें हीं अक्षरें स्पष्ट असतात. पोस्टेलच्या वहींत तीं नव्हतीं. परत मागण्याची अटहि नव्हती. पुढें जो घोळ झाला त्याचें मूळ या मौनांत आहे, असें माझें मत आहे.

आपला देश या पंगतीस केव्हां आला? विद्यापीठांस व संशोधन-संस्थांस जोडणारें एर्नेट १९८६ सालीं सुरू झालें खरें. पण सामान्य माणसास इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाच्या द्वारें. तोंपर्यंत वाढपी सावध झाले होते. १९९३ पासून पत्ते लहान लहान तुकड्यांत मोजून देण्याची रीत पडली, आणि १९९६ च्या नियमावलींत असें लिहिलें गेलें कीं, मागणारानें आपली गरज सिद्ध करावी. दिलेल्या पत्त्यांपैकीं चतुर्थांश तत्काळ आणि निम्मे वर्षाच्या आंत उपयोगांत येतील असें दाखवावें. नियम शहाणपणाचा होता. परंतु तो पुढच्या मागणारांस लागू होता, मागच्या घेणारांस नव्हे. फोर्ड कंपनीस कोणीं विचारलें नाहीं कीं, पावणेदोन कोटी पत्त्यांपैकीं तुम्हीं किती वापरले.

वांटपासाठीं हळूहळू पृथ्वीचे पांच विभाग झाले व प्रत्येकास एक नोंदणी-मंडळ मिळालें: युरोपचें राइप १९९२ मध्यें, आशिया व पॅसिफिकचें एपनिक १९९३ मध्यें, उत्तर अमेरिकेचें एरिन १९९७ मध्यें, दक्षिणेकडील अमेरिकेचें लॅकनिक २००२ मध्यें आणि आफ्रिकेचें आफ्रिनिक २००५ मध्यें. एपनिकचें बिऱ्हाड आधीं टोकियोस होतें, १९९८ मध्यें तें ब्रिस्बेनला गेलें. भारताचें स्वतःचें दप्तर, म्हणजे एपनिकच्या छत्राखालील इरिन, २०१२ सालीं उघडलें. या सालाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. कारण मध्यवर्ती कोठार त्याच्या आदल्याच वर्षीं रिकामें झालें होतें.

तो दिवस ३ फेब्रुवारी २०११. मोठे तुकडे पांच उरले होते आणि मंडळें पांच होतीं. प्रत्येकास एकेक देऊन झांकण लावलें. समान वांटणी ही दिसावयास न्याय्य दिसते. पण जगाची निम्म्याहून अधिक वस्ती ज्या एका मंडळाखालीं येते त्यासहि एक, आणि इतरांसहि एक. एपनिकचा नेहमींचा सांठा १५ एप्रिल २०११ रोजींच संपला, म्हणजे जेमतेम दहा आठवडे पुरला. मग उरलेल्या शेवटच्या तुकड्यांतून प्रत्येक सभासदास फार तर १,०२४ पत्ते, असा दंडक घातला. २०१९ पासून नव्या सभासदास ५१२ च. हा शेवटचा तुकडा म्हणजेच १०३ चा. पुतणीच्या अर्जाचें मूळ येथें सांपडलें. आज भारतास सारे मिळून साडेतीन-चार कोटी पत्ते आहेत व माणसें एकशें चाळीस कोटी. अमेरिकेंत माणशीं चारांहून अधिक पत्ते पडतात.

आतां न्यायाचा विचार करावयाचा तर सोलापूर जिल्ह्यांतील माणसानें दूर जाण्याचें कारण नाहीं. अक्कलकोट तालुक्याच्या दक्षिणेस भीमा वाहते, ती पुढें कृष्णेस मिळते, आणि कृष्णेच्या पाण्याचा तंटा हा अपुऱ्या वस्तूच्या प्रादेशिक वांटणीचा आपल्याकडील सर्वांत मोठा खटला आहे. १९६९ सालीं न्यायमूर्ति बचावत यांच्या अध्यक्षतेखालीं लवाद नेमला गेला. १९७३ मध्यें त्यानें निवाडा दिला व १९७६ मध्यें तो अंतिम झाला. वांटावयाचें पाणी २,०६० अब्ज घनफूट धरून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्रास ८०० असे वांटे केले. त्यांतहि खरी गोष्ट अशी कीं, सप्टेंबर १९६० पर्यंत चालू असलेल्या वा हातीं घेतलेल्या योजनांचें सुमारें १,६९३ अब्ज घनफूट पाणी आधींच राखून ठेवलें होतें. नव्यानें वांटण्यास उरलें तें चारशेंहूनहि कमी. बेझवाड्याचा बंधारा १८५५ सालचा! खालच्यांनीं शंभर वर्षें आधीं बांध घातला, वरच्या दुष्काळी मुलखानें उशिरां. तेव्हां आधीं आलेल्यास झुकतें माप येथेंहि मिळालें, आणि महाराष्ट्रांत त्याबद्दलची हळहळ अद्यापि ऐकूं येते.

तरीहि बचावत लवादाच्या निवाड्यांत तीन गोष्टी अशा आहेत कीं, त्या पत्त्यांच्या व्यवहारांत नाहींत. लवादानें राखलें तें प्रत्यक्ष वापरांतलें किंवा कामास लागलेलें पाणी. कोणी नुसतें कागदावर मागून ठेवलेलें पाणी नव्हे. दुसरें, खोऱ्याबाहेर पाणी नेण्यास मनाई केली नाहीं, मात्र तें नेणाऱ्या राज्याच्या वांट्यांत धरलें. कोयनेचें साडेसदुसष्ट अब्ज घनफूट पाणी वीज करून पश्चिमेस समुद्राकडे जातें, तें महाराष्ट्राच्या खात्यावर मोजून. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: ३१ मे २००० नंतर हा निवाडा पुन्हा तपासतां येईल असें निवाड्यांतच लिहून ठेवलें. त्याप्रमाणें २००४ सालीं न्यायमूर्ति ब्रिजेश कुमार यांचा दुसरा लवाद बसला व त्यानें २०१० आणि २०१३ मध्यें नवे आंकडे दिले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या हुकुमानें त्या निर्णयाचें राजपत्रांतील प्रकाशन अडलें, हें खरें. पण वांटणी उघडून पाहण्याचा हक्कच नाहीं, असें तेथें कोणासहि म्हणतां आलें नाहीं.

राज्याबाहेर वांटा देण्याचें उदाहरणहि याच नदीचें आहे. १९७६ सालीं महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र या तिघांनीं आपापल्या वांट्यांतून पांच-पांच अब्ज घनफूट पाणी मद्रास शहराच्या पिण्यासाठीं देऊं केलें. मद्रास कृष्णेच्या खोऱ्यांत नाहीं. तिघांचे वांटे विषम, पण देणगी सारखी. कारण सारख्या आंकड्यावर भांडण लवकर मिटतें. २०११ च्या पांच तुकड्यांमागेंहि हीच व्यवहारी युक्ति असावी.

पत्त्यांच्या देवघेवीस मात्र तहान लागलेलें शहर निमित्त झालें नाहीं, दिवाळें निमित्त झालें. २०११ सालीं नॉर्टेल या कॅनडांतील बुडालेल्या कंपनीच्या मालमत्तेचा लिलांव चालू असतां तिच्या नांवें असलेले ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टनें पंचाहत्तर लक्ष डॉलर देऊन घेतले, व न्यायालयानें त्या विक्रीस मान्यता दिली. एका पत्त्यास सव्वाअकरा डॉलर. जे फुकट मिळालें होतें त्यास भाव फुटला. २०१७ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठानें जाहीर केलें कीं, आपल्या एक कोटि साठ लक्ष पत्त्यांपैकीं एक कोटि चाळीस लक्ष कधीं वापरलेच गेले नव्हते. त्यांतील सुमारें ऐशीं लक्ष विकून टाकले. २०२१ च्या अखेरीस भाव पन्नास डॉलरांवर गेला होता.

आतां एका विभागांतील पत्ते दुसऱ्या विभागांत न्यावयाचे कोणत्या अटीवर? खरी चकमक येथें झाली. एपनिकनें २०१० मध्यें आपल्या सभासदांस आपसांत पत्ते विकत घेण्याची मुभा दिली व त्यांत गरजेचा पुरावा मागितला नाहीं. अमेरिकेच्या एरिननें सांगितलें कीं, ज्या मंडळाच्या नियमांत गरजेची परीक्षा नाहीं तिकडे आमच्याकडील पत्ते जाणार नाहींत. माल त्यांच्याकडे होता. एपनिकनें २०११ मध्यें परीक्षा पुन्हा लावली, आणि २०१२ च्या जुलैअखेर दार उघडलें. पुढें युरोपनें आपल्या घरांतून ही परीक्षा काढून टाकली. पण अमेरिकेकडून घेण्याची वेळ आली तेव्हां, घेतलेल्यांपैकीं निम्मे पत्ते पांच वर्षांत वापरूं, अशी योजना दाखविण्याची अट त्यासहि घालावी लागली. लॅकनिकनें २०२० मध्यें दार उघडलें.

एरिनचा पक्ष पोकळ होता असें मी म्हणत नाहीं. गरजेची अट नसेल तर सांठेबाज पत्ते कोंडून ठेवतील व भाव चढवितील, ही भीति खरी आहे. धान्याच्या बाजारपेठेंत वाढलेल्या दुधनीकरास ती समजावून सांगावयास नको. माझा आक्षेप निराळा आहे. गरजेचा पुरावा घेणाराकडून मागितला जातो, विकणाराकडून कधींच नाहीं. ज्याचे एक कोटि चाळीस लक्ष पत्ते वर्षानुवर्षें पडून राहिले, त्याला ते ठेवण्याची गरज काय होती असें विचारणारें मंडळ जगांत नव्हतें. तो विकावयास निघाला कीं पैसा त्याचा. आणि सेवा देणारा नवा व्यावसायिक विकत घ्यावयास गेला कीं त्यानें कागद दाखवावे, योजना दाखवावी, पैसाहि द्यावा. एकाच तराजूचें एक पारडें असें बांधून ठेवलें असतां दुसऱ्या पारड्यांतील वजन कितीहि काटेकोर मोजलें तरी त्यास न्याय म्हणवत नाहीं.

मग जुन्या सनदा तपासाव्या काय? येथें मात्र आपल्याच इतिहासानें हात आंखडावा लागतो. १८५२ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत इनाम कमिशनास बळ मिळालें आणि दक्षिण महाराष्ट्रांतील इनामदारांकडे पुरावे मागण्यांत आले. दोन-तीन पिढ्यांपूर्वींचे कागद कोणाचे जळाले, कोणाचे वाळवीनें खाल्ले. हजारों इनामें खालसा झालीं. १८५८ मध्यें नरगुंदच्या बंडांत ज्याचा बळी गेला तो मॅन्सन साहेब यापूर्वीं याच कमिशनांत होता. तत्त्वतः योग्य असलेली चौकशी परक्या सत्तेच्या हातीं किती जाचक होते, याचा तो पाठ आहे. पण त्यांतील दोष चौकशींत नव्हता. इनामदाराचें ऐकून घेणारें त्रयस्थ न्यायासन नव्हतें, यांत होता. कृष्णेच्या खटल्यांत तें होतें. पत्त्यांच्या व्यवहारांत जुन्या धारकांस हात लावण्याची भीति वाटली, ती समजण्याजोगी आहे. परंतु न वापरलेलें परत करावें, निदान विक्रीचा कांहीं भाग उशिरां आलेल्यांच्या उपयोगीं लावावा, एवढी मधली वाटहि कोणीं बांधली नाहीं.

दार बंद ठेवल्यानें प्रश्न सुटतो असें ज्यांस वाटतें त्यांनीं आफ्रिकेकडे पाहावें. तेथील मंडळानें इतर विभागांशीं देवघेव मान्य केली नाहीं. त्याचा सांठा सर्वांत शेवटपर्यंत टिकला. आणि म्हणूनच त्यावर जगाचा डोळा गेला. सेशेल्स बेटांत नोंदलेल्या एका कंपनीनें २०१३ ते २०१६ या काळांत तेथून सुमारें बासष्ट लक्ष पत्ते मिळविले. ते मुख्यतः आफ्रिकेबाहेर भाड्यानें वापरले जातात असें म्हणून २०२१ मध्यें मंडळानें ते परत घेण्याचें पाऊल उचललें. कंपनी न्यायालयांत गेली. मॉरिशसच्या न्यायालयाच्या हुकुमानें मंडळाचींच बँकेंतील खातीं गोठलीं, २०२३ मध्यें त्यावर रिसीव्हर आला, आणि नवें संचालक-मंडळ निवडून येण्यास २०२५ उजाडलें. वांटणीचें दप्तर ठेवणारी संस्थाच खटल्यांत अडकून पडली. नोंद एका खोऱ्यांत आणि वापर दुसऱ्या, पण तो कोणाच्या वांट्यांत मोजावयाचा याचा ठराव नाहीं! कोयनेच्या पाण्यासंबंधीं बचावत लवादानें जें एका वाक्यांत मिटविलें तें तेथें राहून गेलें होतें.

या सर्व वादास एक उत्तर दिलें जातें तें नमूद केलें पाहिजे. जुन्या पत्त्यांऐवजीं एकशें अठ्ठावीस स्थानांचे नवे पत्ते १९९५ पासूनच ठरले आहेत व ते व्यवहारतः अमर्याद आहेत. भारतानें ते मोठ्या उत्साहानें स्वीकारले. २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाल्यापासून तर इतके कीं, या बाबतींत आपला देश जगाच्या पुढच्या रांगेंत आहे. जुन्याची टंचाई ज्यास अधिक बोंचली तोच नव्याकडे आधीं गेला. परंतु पलीकडचें दुकान नव्या रस्त्यावर नसेल तर आपल्याकडचा नवा रस्ता काय कामाचा? ज्या परीक्षेचा अर्ज होता, तिचें स्थळ केवळ जुन्या पत्त्यांवरच होतें, असें स्नेह्यांनीं मागाहून पाहून सांगितलें.

निघण्याच्या दिवशीं मी गांवांत जोडणी देणाऱ्या तरुणास मुद्दाम भेटलों. त्याच्याजवळ ५१२ पत्ते आहेत. आणखी तितकेच घ्यावयाचे तर कांहीं लाख रुपये लागतील, शिवाय गरजेचे कागद वेगळे. तो म्हणाला, “सर, तेवढ्या पैशांत मी शेजारच्या चार गांवांना तार नेतों. लोक तार मागतात, पत्ता कोण मागतो?” पुतणीचा अर्ज, गांव निजल्यावर, रात्रीं तीनच्या सुमारास गेला.